निसर्ग आणि आरोग्यावरची पहिलीवहिली पुस्तकं: वाचकांच्या वहीतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोरिवली पूर्वेला आमचं छोटंसं वाचनालय आहे. टेबलावर दोनशे पानी वही असते आणि तिला दोऱ्याने पेन बांधलेलं असतं. पक्षी, झाडं, साप, रानभाज्या, घरगुती उपचार, आहार, योगासनं यांवरचं नवख्यांसाठीचं पुस्तक परत करताना वाचकाने त्यात चार ओळी लिहायच्या, एवढाच नियम. अशा सात वह्या भरल्या. नवीन सभासद येतात ते साधारण तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. पुस्तकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. आवृत्त्या बदलतात, पुस्तकं बाजारातून दिसेनाशी होतात. पुस्तक पारखता आलं की नाव कुठलंही असो, अडत नाही.

वहीतली मतं नेमकी कोणाची असतात?

शेजारपाजारच्या लोकांची. निवृत्त मंडळी जास्त, मग कॉलेजातली मुलं, मग सकाळी नॅशनल पार्कात फिरायला जाणारे. तज्ज्ञ कुणी नाही, आणि मला त्यात काही कमी वाटत नाही. नवखा माणूस कुठे अडखळतो ते नवख्यालाच नीट सांगता येतं. ज्याला चाळीस वर्षं झाडं ओळखता येताहेत, त्याला पहिल्या दिवशी काय कळलं नव्हतं ते आठवत नाही.

पण या मतांना एक मर्यादा आहे. पुस्तकात लिहिलेलं खरं आहे की नाही, हे नवखा सांगू शकत नाही. पुस्तक हातात घेऊन गेल्यावर काय झालं, एवढंच तो सांगू शकतो. पक्ष्यांच्या पुस्तकात याने फारसं बिघडत नाही. औषधांच्या पुस्तकात बिघडतं.

"छान, माहितीपूर्ण पुस्तक" अशा मतांचा काय उपयोग?

जवळजवळ काहीच नाही. अशी मतं वहीत भरपूर आहेत, लिहिणाऱ्याने मनापासून लिहिलेली आहेत, पण पुढच्या वाचकाला त्यातून काही मिळत नाही. मिळतं ते अशा मतातून. एका काकूंनी लिहिलेलं जसंच्या तसं देते:

"जून. दादर स्टेशनबाहेरून शेवळं आणली. पुस्तकात कृती आहे, काकडं घालायचं लिहिलेलं नाही. घरातल्या चौघांचे घसे रात्रीपर्यंत खाजत होते."

शेवळं सुरणाच्या कुळातली. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला टोचतात. म्हणून शेवळांच्या भाजीत काकड नावाच्या झाडाची हिरवी आंबट फळं, म्हणजे काकडं, घालायची रीत आहे. काकडं नसली तर चिंच नाहीतर आमसूल. शेवळं विकणारी बाई बहुतेक वेळा जुडीबरोबर काकडंही घेऊन बसलेली असते. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ही भाजी होते त्याला हे सांगावं लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच लेखकाने लिहिलं नाही. पण पुस्तक नवख्यांसाठी होतं.

त्या तीन वाक्यांत महिना आहे, जागा आहे, काय राहून गेलं ते आहे, आणि त्याचा परिणाम आहे. आम्ही त्या पानावर चिठ्ठी चिकटवली. आजही ती तिथे आहे.

पहिलंच पुस्तक घ्यायचंय. पक्षी, झाडं की औषधी वनस्पती?

झाडं.

पक्ष्यांची पुस्तकं सगळ्यात जास्त नेली जातात आणि सगळ्यात लवकर परत येतात. "पान उघडेपर्यंत पक्षी उडाला" हे वाक्य थोड्याफार फरकाने वहीत किती वेळा आलंय, मोजलं नाही. झाड थांबतं. तुम्ही चष्मा पुसा, पान उलटा, पुन्हा वर बघा, उद्या परत या, झाड तिथेच असतं. आणि मुंबईत झाडं बघायला जंगलात जावं लागत नाही. एप्रिल-मेमध्ये रस्त्यावर नुसतं वर बघत चाललं तरी बहाव्याचे पिवळे घोस, ताम्हणाचा जांभळा फुलोरा आणि गुलमोहर दिसतात. ताम्हण हे आपलं राज्यफूल, हे बऱ्याच जणांना पुस्तक हातात आल्यावरच कळतं.

झाडांचं पुस्तक घेताना ते कसं लावलंय ते बघा. वनस्पतींच्या कुळानुसार लावलेलं पुस्तक अभ्यासकाच्या सोयीचं. नवख्याला झाडाचं कूळ माहीत असतं तर त्याने पुस्तक उघडलंच नसतं. फुलाचा रंग, पानाचा आकार किंवा फुलण्याचा महिना यांवर लावलेली पुस्तकं आमच्या वाचकांनी शेवटपर्यंत वापरली आहेत.

आणखी एक गोष्ट बघा: झाड मूळचं कुठलं, हे सांगितलंय का? मुंबईच्या रस्त्यांवर सावली धरणारा वर्षावृक्ष मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, गुलमोहर मादागास्करचा, भायखळ्याच्या राणीच्या बागेतली गोरखचिंच आफ्रिकेतली. हे कळल्यावर झाड परकं वाटू लागतं असं नाही, पण आपल्या भागात आधीपासून काय होतं आणि नंतर काय आलं, याचा विचार तिथून सुरू होतो.

फोटो असलेलं पुस्तक चांगलं की चित्रांचं?

दुकानात फोटोंचं पुस्तक देखणं दिसतं, पण ओळख पटवायला बऱ्याचदा चित्र बरं पडतं. फोटो म्हणजे एक पक्षी, एक क्षण, एक उजेड. चित्रकार नर, मादी आणि पिल्लू एका पानावर शेजारी शेजारी काढू शकतो. कोकिळेचं बघा. नर काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. नुसता नराचा फोटो असलेलं पुस्तक घेऊन आमचे एक आजोबा पंधरा दिवस खिडकीसमोरच्या आंब्यावरच्या ठिपकेवाल्या पक्ष्याचं नाव शोधत होते. कुहूकुहू करून गाणारा नर असतो, हेही त्या पुस्तकात नव्हतं.

फुलपाखरांना मात्र फोटो चालतात, फक्त पंख उघडे आणि मिटलेले असे दोन्ही हवेत. बसल्यावर बरीचशी फुलपाखरं पंख मिटतात आणि वेगळीच दिसतात.

मराठी पुस्तक घ्यावं की इंग्रजी?

मराठी, पण शास्त्रीय नावासकट. शास्त्रीय नाव देवनागरीत असलं तरी चालेल, असायला हवं.

कारण आपल्याकडे एका जिवाला चार नावं आणि एका नावाचे दोन जीव. भारद्वाज कोकणात कुक्कुडकोंबा होतो. खंड्याला कुणी धीवर म्हणतं. पक्ष्यांत ही गंमत असते, वनस्पतींत जोखीम. ब्राह्मी म्हणून आपल्या बऱ्याच घरांत कुंडीत लावलेली असते ती गोल, करवती कडेच्या पानांची वेल. तिला पुस्तकं मंडूकपर्णी म्हणतात. दुसरी ब्राह्मी मांसल, बारीक पानांची, ओलसर जागी वाढणारी. दोन्ही वेगळ्या कुळांतल्या. पुस्तकाने नुसतं "ब्राह्मीचा रस" लिहिलं आणि चित्र दिलं नाही, तर वाचक आपल्या कुंडीतली पानं खुडणार.

शास्त्रीय नावांना लोक घाबरतात, म्हणून आमच्या इथली एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. पावसाळ्यात उगवणाऱ्या सफेद मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम. त्यातलं दुसरं नाव आपल्या बोरिवलीवरून आलंय. ज्या स्टेशनवर आपण रोज उतरतो ते नाव जगभरच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत आहे, हे कळल्यावर त्या लांबलचक नावांची भीती कमी होते.

पुस्तकाबरोबर दुर्बीण घ्यावी का?

लगेच नको. सहा महिने नुसत्या डोळ्यांनी बघा. तरीही ओढ राहिली तर ८ बाय ४२ ची घ्या. आठपट मोठं दिसतं, ४२ मिलिमीटरच्या भिंगातून उजेडही पुरेसा येतो. यापेक्षा जास्त पट असलेली दुर्बीण नवख्याच्या हातात स्थिर राहत नाही.

सापांचं पुस्तक वाचून साप ओळखता येईल का?

लांबून ओळखायला शिकाल. हात लावण्याइतकं कधीच नाही, आणि जे पुस्तक तसा आत्मविश्वास देतं ते आम्ही कपाटात ठेवत नाही.

सापांच्या पुस्तकाची परीक्षा एका जोडीवर करा: मण्यार आणि कवड्या. मण्यार अतिविषारी, कवड्या बिनविषारी, आणि दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे. मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बऱ्याचदा जोडीजोडीने, डोक्याकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक होत जाणारे. कवड्याचे उलट: डोक्याकडे ठळक, शेपटीकडे विरत जाणारे. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची रांगही असते, पण ती बघण्याइतकं जवळ जायचंच नाही. चांगलं पुस्तक या दोघांना एका पानावर समोरासमोर ठेवतं. वाईट पुस्तकात मण्यार पान १२ वर आणि कवड्या पान ५८ वर, असं आम्ही पाहिलंय.

दुसरी परीक्षा प्रथमोपचाराच्या पानाची. चीर द्या, रक्त चोखा, वर आवळून दोरी बांधा, यातलं काहीही लिहिलेलं असेल तर पुस्तक खाली ठेवा. हे तिन्ही उपाय नुकसान करतात. माणसाला झोपवून शांत ठेवायचं, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, अंगठी-बांगडी काढायची, आणि ज्या रुग्णालयात प्रतिविष मिळतं तिथे न्यायचं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालतं. मुंबईत परळची हाफकिन संस्था ते बनवत आलीय. त्यासाठी साप पकडून नेण्याची गरज नसते, आणि हे वाक्य पुस्तकात ठळक असायला हवं. मण्यारीबद्दल आणखी एक: ती रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावा बऱ्याचदा दुखतही नाही, सुजतही नाही. सकाळी पोटात दुखतं, पापण्या जड होतात. ज्या पुस्तकाने "सूज नसेल तर काळजी नको" लिहिलंय, त्याच्यावर वहीत लाल पेनाने शेरा आहे.

औषधी वनस्पतींचं पुस्तक वाचून घरी काढा करावा का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचं उत्तर मी माझ्यावरून देते.

२०२० च्या पावसाळ्यात सगळ्यांच्या घरी गुळवेलीचा काढा उकळत होता. आमच्या सोसायटीच्या कुंपणावर एक वेल चढलेली होती, पानं हृदयाच्या आकाराची. पुस्तकात गुळवेलीचा फोटो होता, त्यातही हृदयाच्या आकाराचं पान. मी कांड्या तोडल्या, ठेचल्या, आणि सासूबाईंना आठवडाभर काढा दिला. नंतर ओळखीचे एक वैद्य घरी आले, त्यांना वेल दाखवली. त्यांनी पानाकडे पाहिलंच नाही. खोड हातात घेतलं, नखाने साल खरवडली आणि विचारलं, "वहिनी, या गाठी बघितल्यात का?" खोडावर चामखिळीसारखे फोड होते. ते म्हणाले, ही गुळवेल असेल असं मी छातीठोक सांगणार नाही. सासूबाईंना काही झालं नाही. पण तो आठवडा मी विसरलेले नाही.

पुढे २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झालेली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात, टिनोस्पोरा क्रिस्पा, घेतली गेली असू शकते, असं त्यांचं म्हणणं. वाद डॉक्टर आणि मंत्रालय यांच्यातला आहे, तो मी सोडवू शकत नाही. पण दोन्ही बाजू धरल्या तरी वाचकाच्या हाती एकच काम उरतं: वेल पक्की ओळखल्याशिवाय आणि डॉक्टरांना सांगितल्याशिवाय पोटात काही घ्यायचं नाही. आणि माझ्या पुस्तकात तर पानाचा एकच फोटो होता. खोड नव्हतं, साल नव्हती, "हिच्यासारखी दिसणारी दुसरी" असा मजकूर नव्हता.

त्यानंतर औषधी वनस्पतींच्या पुस्तकात मी आधी एकच गोष्ट शोधते: कुठे थांबायचं ते लिहिलंय का? कुणी घेऊ नये, गरोदरपणात काय, रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर काय, किती दिवसांनी बंद करायचं. प्रत्येक वनस्पतीचे दहा गुण आणि एकही दोष नाही, असं पुस्तक वाचायला छान वाटतं. पण निसर्गात तसं नसतं. कण्हेर, धोत्रा, गुंज, एरंडाच्या बिया, कळलावीचा कंद, सगळं निसर्गातलंच आणि सगळं विषारी. ईश्वरी नावाची वेल जुन्या पुस्तकांत सर्पदंशावर सांगितलेली असते. तिच्यातलं अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड निकामी करतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोग घडवतं. दुधी भोपळ्याचा रस तर घरोघरी घेतात. दुधी कडू लागला तर एक घोटही घ्यायचा नाही, फेकून द्यायचा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनेही हा इशारा दिलेला आहे. रसाचं पुस्तक हातात आलं की मी दुधीचं पान उघडते आणि ही एक ओळ शोधते.

आरोग्याचं पुस्तक दुकानात उभ्या उभ्या कसं तपासायचं?

दादरच्या दुकानात पाच मिनिटं मिळतात. ती प्रस्तावनेवर घालवू नका. ही पानं उघडा.

कुत्रा चावल्यावर काय करावं? साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी लसीसाठी जा, असं हवं. बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं लिहिली असतील तर पुस्तक कित्येक वर्षांत कुणी तपासलेलं नाही. आता लस दंडात देतात आणि डोस थोडे असतात. मिरची किंवा हळद भरायला सांगितलं असेल तर विचारूच नका.

जुलाब. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, आणि चमचा चहाचा. हे प्रमाण असंच हवं. "चिमूटभर मीठ, चवीपुरती साखर" हे सरबत झालं. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला ते घातक ठरतं.

भाजणं. नळाखाली वाहतं पाणी, वीस मिनिटं. टूथपेस्ट, तूप, शाई नाही.

आणि पुस्तक मुंबईत वापरायचं असेल तर पावसाळ्याचं प्रकरण वाचा. डेंग्यूच्या तापात पॅरासिटॅमॉल चालतं, पण अ‍ॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन टाळायचं, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. हे वाक्य आहे का? पपईच्या पानांच्या रसावर चार पानं आणि या वाक्यावर शून्य, असं एक पुस्तक आमच्याकडे भेट आलं होतं. लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा, उल्लेख आहे का? २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोने माणसं गेली. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि पायाच्या बारीक जखमेतून जंतू शिरतात. पाण्यातून चालत आलात तर ताप येण्याची वाट न बघता ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारा, असा सल्ला दरवर्षी दिला जातो. ज्याला हे माहीत नाही त्याने चांगलं पुस्तक लिहिलं असेलही, पण ते पावसात तुंबलेल्या हिंदमाताच्या पाण्यातून घरी येणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं नाही.

लेखक डॉक्टर किंवा वैद्य असला की पुरे ना?

पुरे नाही, पण असलेलं बरं. कुठल्या विषयाचा, तेही बघा. दातांच्या डॉक्टरांनी मधुमेहावर लिहिलेलं पुस्तक आमच्याकडे आहे.

"मधुमेह मुळासकट बरा" अशा पुस्तकांबद्दल वाचक चांगलं लिहितात. विश्वास ठेवावा का?

असा दावा जाहिरातीत करायला १९५४ च्या जादुई उपायांविरुद्धच्या कायद्याने बंदी आहे, आणि त्या यादीत मधुमेह आहे, कर्करोगही आहे. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तेच वाक्य दिसलं की मी सावध होते.

वाचकांची मतं खोटी नसतात. "महिन्याभरात साखर उतरली" असं लिहिणाऱ्याची साखर खरंच उतरलेली असते. पण पुस्तक वाचून त्याने रात्रीचा भात कमी केला, रोज चालायला लागला आणि गोळी चालूच ठेवली, हे तो लिहीत नाही, कारण त्याच्या मते काम काढ्याने केलं. वहीत असं मत आलं की आम्ही आता त्याखाली तीन प्रश्न लिहितो: गोळी चालू होती का? आणखी काय बदललं? तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी केली का? एका सभासदाने पुस्तकावर भिस्त ठेवून गोळी बंद केली होती. पायाची जखम चिघळून त्यांचं बोट काढावं लागलं. त्यांचं मत वहीत नाही. ते त्यांनी मला प्रत्यक्ष येऊन सांगितलं, आणि इतरांना सांगा म्हणाले.

फुटपाथवर जुनी पुस्तकं स्वस्त मिळतात. घ्यावीत का?

निसर्गाची खुशाल घ्या. फाउंटनला आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी मला फार सुंदर चित्रांची पुस्तकं मिळाली आहेत. फार तर नावं बदललेली असतील. टाकळ्याचं कॅसिया टोरा आता सेना टोरा झालं, पण टाकळा टाकळाच आहे. आरोग्याचं पुस्तक मात्र दहा वर्षांपूर्वीचं असेल तर नको, शंभर रुपये वाचवायला नको.

रानभाज्यांचं पुस्तक घेऊन नॅशनल पार्कात भाजी खुडायला जाऊ का?

नाही. ते राष्ट्रीय उद्यान आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिथून पानही आणता येत नाही. बघा, फोटो काढा, घरी या. भाजी बाजारातून घ्या. पावसाळा लागला की पालघर, डहाणू, कर्जत, कसाऱ्याकडच्या आदिवासी बाया टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने येतात आणि स्टेशनांबाहेर बसतात.

पुस्तक तिथेच घेऊन जा. मी एकदा गेले होते. टाकळ्याच्या जुड्या घेऊन बसलेल्या एका मावशींना टाकळ्याचं पान दाखवलं. वाचता येत नव्हतं, पण त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं, बोट फोटोवर ठेवलं आणि म्हणाल्या, "ही तर निबर झाली. फूल आल्यावर कोन खातो हिला?" मग टोपलीतली एक काडी उचलून माझ्या तळव्यावर ठेवली. बोटभर रोप, चार-सहा पानं, दाबली की लगेच मऊ पडणारी. मग त्यांनी कुर्डूचं पान बघितलं. तिथेही गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांचा फोटो. पुन्हा मान हलवली.

तिथे मला कळलं की रानभाज्यांच्या बहुतेक पुस्तकांत काय चुकतं. वनस्पती ओळखायला फूल लागतं, म्हणून लेखक फुलाचा फोटो देतो. पण भाजी खायची असते ती फुलाच्या कितीतरी आधी, कोवळी असताना. म्हणजे ज्या रूपात ती ओळखायला लागते नेमका तोच फोटो पुस्तकात नसतो. आता या विषयावरचं कुठलंही पुस्तक आलं की मी टाकळ्याचं पान उघडते. कोवळ्या रोपाचा फोटो असेल तर लेखक बाजारात जाऊन बसलेला आहे.

योगासनांच्या पुस्तकावर दोन वाचकांची मतं अगदी उलट आहेत. कोणाचं धरू?

जो तुमच्यासारखा आहे त्याचं. वहीत "फार सोपं" लिहिणारी मुलगी विशीतली होती, "गुडघा धरला" लिहिणारे काका सदुसष्टचे. म्हणून आम्ही आता मताशेजारी वय आणि असलेलं दुखणं लिहायला सांगतो. मुंबईत पुस्तकावर अडून राहायची गरजही नाही. सांताक्रूझची योग संस्था १९१८ पासून शिकवते आहे. पुस्तक घेतलंच तर शीर्षासनाचं पान बघा. रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी आणि काचबिंदू असणाऱ्यांनी करू नये, हे कृतीच्या आधी लिहिलेलं असावं. शेवटच्या पानावरच्या बारीक टिपेत लिहिलं असेल तर ते कुणी वाचत नाही.

मोबाइलवर सगळं ओळखता येतं, मग पुस्तक कशाला?

मर्लिन नावाचं अ‍ॅप आवाजावरून पक्षी सांगतं, आयनॅचरलिस्ट नावाचं फोटोवरून वनस्पती सुचवतं. दोन्ही मी वापरते. पण नॅशनल पार्कातल्या शिलोंड्याच्या वाटेवर रेंज जाते, आणि मुख्य म्हणजे अ‍ॅप नाव देतं, बघायचं काय ते शिकवत नाही. तांबट पक्ष्याचा टुकटुक आवाज तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा येतो म्हणून त्याचं नाव तांबट. हे एकदा वाचलं की दादरच्या गोंगाटातही तो आवाज वेगळा काढता येतो. खायच्या किंवा काढ्याच्या वनस्पतीसाठी नुसत्या अ‍ॅपवर कधीच जाऊ नका.

मुलांसाठी काय बघावं?

लहान, हलकं आणि भिजलं तर हळहळ वाटणार नाही असं. मुलांनी पुस्तकात टिकमार्क केलेल्या पानांना आम्ही दंड लावत नाही. हिवाळ्यात शिवडी किंवा ऐरोलीला फ्लेमिंगो बघायला नेणार असाल तर आदल्या रात्री एकच पान वाचून घ्या: मोठा रोहित आणि छोटा रोहित यांच्या चोचीतला फरक. छोट्याची चोच गडद लाल, मोठ्याची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. एवढ्या एका फरकावर मुलं तासभर थांबतात. माहीमच्या निसर्ग उद्यानातही नेता येतं. पूर्वी तिथे कचऱ्याचा डेपो होता, हे सांगितलं की मुलं झाडांकडे वेगळ्या नजरेने बघतात.

मला वहीत मत लिहायचंय. काय लिहू?

कुठलं पान उघडलंत, कुठे उभं राहून, कुठल्या महिन्यात. पुस्तकातलं आणि समोरचं जुळलं का. जुळलं नाही तर समोर काय होतं. आरोग्याचं पुस्तक असेल तर वय, चालू औषधं आणि तुम्ही खरंच काय केलंत. अक्षराची काळजी करू नका. रविवारी वाचनालय सकाळी नऊला उघडतं. पेनातली शाई संपली असेल तर खणात दुसरं आहे.